श्रावणात मांजरासाठी पाव किलो

दौंडसारख्या गावात भर श्रावणात, तेही सोमवारी, चिकनच्या दुकानासमोर उभं राहून 'मांजरासाठी हवंय' असं म्हणणाऱ्या माणसाची जी गत व्हायची तीच माझी झाली. वास्तविक मी खरं बोलत होतो. पण खरं बोलणाऱ्याच्या तोंडावर एक निर्धास्तपणा लागतो, आणि पिशवी पाठीमागे धरून उभ्या असलेल्या माणसाकडे तो कुठून येणार? पिशवी मी लपवली नव्हती, ती आपोआप मागे गेली होती. हे मी आजवर अनेकांना समजावून सांगितलं आहे आणि एकानेही ते पूर्ण ऐकून घेतलेलं नाही.

मांजर आमच्याकडे आलं ते कुरकुंभच्या आमच्या कंपनीतून. मी तिथे स्टोअर सांभाळतो. कँटीनमध्ये तिन्ही शिफ्टला फिरणारी, कसलंही काम न करणारी आणि प्रत्येकाच्या ताटात डोकावून नापसंती दाखवणारी एक गलेलठ्ठ मांजरी होती, म्हणून कामगारांनी तिचं नाव 'सुपरवायझर' ठेवलं होतं. परदेशी पाहुणे तपासणीला येणार असं कळलं, तेव्हा तिला पोत्यात घालून भीमेपलीकडे सोडायचं ठरलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, पोतं राहू द्या, मी घरी नेतो. अशी वाक्यं बोलताना माणसाला फार बरं वाटतं. त्यांची किंमत घरी गेल्यावर कळते.

घरी मात्र कोणी विरोध केला नाही. राजश्री, म्हणजे माझी बायको, म्हणाली की आणलंय तर नीट सांभाळा, नंतर माझ्या गळ्यात घालू नका. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मांजराला आपादमस्तक न्याहाळलं. आबा रेल्वेतून निवृत्त झालेत. "कामगार हाय," ते म्हणाले. "रिटायर झाल्यावं घर लागतंच." आणि आपल्या हातातल्या ग्लुकोज बिस्किटाचा अर्धा तुकडा तिच्यापुढे टाकला. आबांना शुगर आहे, बिस्किटं बंद आहेत. पण त्या दिवशी त्या तुकड्याकडे आम्ही मांजराचा तुकडा म्हणून पाहिलं, आबांचा म्हणून नाही. चूक तिथेच झाली.

सुपरवायझर जिना चढताना धापा टाकायला लागली, म्हणून मी तिला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे बाकी सगळ्या गाई आणि शेळ्या होत्या. कंपाउंडरने केसपेपर भरायला घेतला आणि सवयीने विचारलं, दुभती की भाकड? मी म्हणालो, मांजर आहे. तो म्हणाला, ते दिसतंय, पण इथं काहीतरी लिहावं लागतं. शेवटी 'भाकड' लिहिलं गेलं. मग वजन. काट्यावर मांजर एक मिनिट थांबेना, तेव्हा आधी मांजराला घेऊन मी उभं राहायचं आणि मग नुसतं मी, अशी तोड निघाली. माझं नुसतं वजन त्याने लिलावाच्या आवाजात पुकारलं. एका शेळीवाल्या मावशी माझ्याकडे पाहून 'बाई बाई' म्हणाल्या.

डॉक्टर मात्र भला माणूस. त्यांनी तिचं पोट दाबून पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं की हिच्या काळजावर चरबीचा भार आहे, असंच चालू राहिलं तर ही फार दिवस काढणार नाही. फरसाण, दूध, बिस्किटं हळूहळू बंद. एकदम उपाशी ठेवायचं नाही, ते आणखी धोक्याचं. जुन्या खाण्यात नवं थोडं थोडं मिसळत जायचं. नवं म्हणजे उकडलेलं चिकन किंवा मासा, थोडी कलेजी, हाड काढून. मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. मी मान डोलावली. सुपरवायझर माझ्या काखेत तोंड खुपसून बसली होती आणि मला तिचा फार लळा लागला होता, हे मी तिथेच कबूल केलं, अर्थात मनातल्या मनात.

आता खर्चाचा प्रश्न. दुकानात मांजरांचं तयार खाणं मिळतं, पण त्या पुड्यावरची किंमत वाचून मी तो ज्या काळजीने उचलला होता त्याहून जास्त काळजीने परत ठेवला. वीस वर्षं स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते: माल मागणी नसताना घ्यावा. श्रावण तोंडावर आला होता. अर्धा तालुका महिनाभर कोंबडीकडे बघणार नव्हता, भाव पडणार होता. मांजराला पथ्य लावायला याहून चांगला महिना पंचांगात नाही. हे गणित मी राजश्रीला फार आत्मविश्वासाने मांडलं.

तिने शांतपणे विचारलं, "आन् वर्षावासाचं काय?"

ते माझ्या गणितातून सुटलं होतं. आमच्याकडे आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास पाळतात. रोज संध्याकाळी बुद्धविहारात ग्रंथवाचन असतं, आणि वाचायला राजश्री बसते. यंदा तिच्याच शब्दावरून विहारातल्या सगळ्या घरांनी तीन महिने वशाट न खाण्याचा संकल्प केला होता. सगळ्यात आधी उभे राहिले होते आबा. विहारातले सर्वांत ज्येष्ठ तेच, पंचशील तेच म्हणवून घेतात. आबा उभे राहिले म्हणून मागचे सगळे उठले, त्यात मीही. आता त्याच घरात कोंबडी शिजणार होती.

बरीच चर्चा होऊन तोडगा निघाला. मांजराने संकल्प केलेला नाही, सबब त्याला चालेल. पण स्वयंपाकघरात नाही. गच्चीवर टाकीच्या आडोशाला वेगळा स्टोव्ह, वेगळं पातेलं, वेगळी ताटली. मी दिवसभर कंपनीत, राजश्री त्या पातेल्याला हात लावणार नाही. तेव्हा शिजवायचं आणि चारायचं काम आबांकडे गेलं. आबांनी ते एवढ्या तत्परतेने स्वीकारलं की मला भरून आलं. आई गेल्यापासून ते कशात लक्ष घालत नव्हते. जेवणावरची वासना गेली होती, दुधीची भाजी चिवडत बसायचे आणि मग उशाखालच्या डब्यातून खारी काढून खायचे. चला, मांजराच्या निमित्ताने म्हातारा कामाला लागला, असं मला वाटलं.

सुरुवात मी माशापासून केली. उजनीच्या पाण्यातली चिलापी आमच्याकडे स्वस्त मिळते. ती आबांनी गच्चीवर उकडली, वारा स्टेशनच्या बाजूने होता, आणि तासाभरात रेल्वे कॉलनीतली समस्त मांजरं आमच्या गच्चीच्या कठड्यावर रांगेत बसली. सुपरवायझर घाबरून टाकीखाली गेली. सिंधूबाई आमच्या शेजारी राहतात, विहाराच्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख. त्यांनी खालून विचारलं की वर सभा कसली आहे. मासा बंद झाला.

मग चिकन, आणि त्यासोबत म्हाळू. म्हाळूचं दुकान बाजाराच्या टोकाला आहे. त्या सोमवारी तो मोकळाच बसला होता. मी पाव किलो मागितलं, मांजरासाठी, असं सांगितलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ अत्यंत मायेने पाहिलं.

"मांजराला रश्श्याचे तुकडे करू का सुक्क्याचे?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, गंमत करू नका, खरंच मांजर आहे, बिनहाडाचं द्या. तो म्हणाला, साहेब, श्रावणात माझ्याकडं समदी मांजरंच येत्यात. मागच्या साली एकाचं मांजर तर दोन किलो खात होतं आन् वर तंगडी वेगळी मागत होतं. त्याने पिशवीवर वर्तमानपत्र गुंडाळलं, त्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि डोळा मिचकावला. कोथिंबीर मी मागितली नव्हती. माझ्या प्रतिष्ठेला तडा गेला तो त्या कोथिंबिरीने.

आमच्या गावात बातमी पायी जात नाही. संध्याकाळी पोपटरावांनी मला ओट्यावर बोलावलं. पोपटराव मूळचे शिरूरकडचे, घोडनदीच्या काठी त्यांचा ऊस आहे, नातवंडांच्या शाळेसाठी आमच्या गल्लीत बंगला बांधलाय. एरवी ते माझ्याशी फक्त पाणी कधी येणार एवढंच बोलतात. त्या दिवशी त्यांनी लिंबू सरबत मागवलं. मी नको म्हणालो. मी पित्ताचा माणूस, लिंबाचा थेंब पोटात गेला तरी दोन दिवस छाती जळते, हे गल्लीला माहीत आहे. मग त्यांनीच दोन्ही पेले प्यायले आणि हळूच विषय काढला. त्यांच्याकडेही म्हणे एक मांजर येतं.

मी म्हणालो, तुमच्याकडे तर कुत्रा आहे. ते म्हणाले, कुत्रा पुढच्या दारी, मांजर मागच्या दारी. घरात मालकीण श्रावण फार कडक पाळतात, स्वतः दुकानात जावं तर पाहुणेरावळे बघतात. तुम्ही जाताच आहात तर अर्धा किलो जास्त आणा. मी तत्त्वाने नकार द्यायला हवा होता. पण पोपटरावांनी मला आयुष्यात पहिल्यांदा 'नवनाथराव' म्हटलं होतं.

नंतर जे झालं त्याला मी एकटा जबाबदार नाही. आठवड्याभरात आमच्या गल्लीत पाच घरांत मांजरं येऊ लागली. कंपनीतल्या दोघा उत्तर प्रदेशच्या फिटरांनी 'हमारे यहाँ भी बिल्ली है' असं सांगितलं, त्यांच्या खोलीत मांजर सोडा, पाय पसरायलाही जागा नाही हे मला माहीत असताना. मी मोटारसायकलला दोन पिशव्या लावून आणू लागलो, आणि म्हाळू मला येताना पाहूनच सत्तूर उचलू लागला. सिंधूबाईंनी मला विहाराच्या दारात थांबवून उपदेश केला की माणसाने एक तर संकल्प करू नये, केला तर मांजराच्या आड लपू नये. मी म्हणालो, सिंधूबाई, मी एक तुकडा तोंडात घातलेला नाही. त्या म्हणाल्या, व्हय, तुकडा कशाला घालशील, तू अख्खीच घालत असशील.

मला याचं वाईट वाटलं. माझ्या नावाचं मी सोसलं असतं, पण संकल्प राजश्रीच्या शब्दावर झाला होता. ती रोज त्याच बायकांपुढे बसून वाचत होती, आणि वाचायला लागली की मागे कुजबुज व्हायची. ती घरी येऊन काही बोलत नसे. फक्त एकदा तिने मला सरळ विचारलं, "अहो, तुम्ही खात नाही ना?" मी नाही म्हणालो. तिने मान डोलावली. तेवढा विश्वास मला जगाच्या पाठीवर दुसऱ्या कोणाचा नको होता, आणि तो जपायचा हे मी ठरवलं.

शिवाय मला खात्री होती की शेवटी काटाच माझी बाजू मांडेल. मांजर बारीक झालं की कोंबडी कोणाच्या पोटात जात होती हे जगाला दिसेल. मी दोन-चार शंकेखोरांना मुद्दाम कळवून सुपरवायझरला पुन्हा दवाखान्यात नेलं. पोपटराव सोबत आले, त्यांना म्हैस दाखवायची होती. कंपाउंडरने आधी मला मांजरासकट मोजलं, मग मला एकट्याला, वजाबाकी केली आणि मोठ्याने सांगितलं की साहेब कमी झाले, मांजर वाढलं.

पोपटरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, नवनाथराव. आमचं बी वाढलंय," ते म्हणाले.

डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. हिला नक्की काय घालताय, त्यांनी विचारलं. मी छाती पुढे काढून म्हणालो, उकडलेलं चिकन, बिनमिठाचं, फक्त तेच. त्यांनी तिच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला आणि म्हणाले, हिच्या तोंडाला खारीचा वास येतोय. असं करू नका, ही दमायला लागलीये, मरेल ती. मी घरी आलो. वाटेत मी गणपतीच्या मांडवांमधून गाडी काढली आणि एकाही माणसाकडे वर मान करून पाहिलं नाही.

घरी वेगळाच आनंद चालला होता. आबा त्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते आणि उपाशीपोटीची शुगर चार वर्षांत पहिल्यांदा जागेवर आली होती. चालणं सुधारलं होतं, तोंडावर तुकतुकी आली होती. डॉक्टर म्हणाले होते, आबा, जे काय करताय ते सोडू नका. मी ते श्रेय राजश्रीच्या कारल्याच्या रसाला देऊन मोकळा झालो. माणूस इतका विद्वान असू नये.

कारण त्याच संध्याकाळी राजश्री गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरली, आणि कपड्यांवर ठेवलेली एक वस्तू तिने माझ्यापुढे धरली. पिळलेल्या लिंबाची फोड होती. ताजी.

"मांजर लिंबू पिळून खातंय का?" तिने विचारलं.

मी फोडीकडे पाहिलं. मग आबांकडे पाहिलं. आबा खाटेवर बसून सुपरवायझरच्या पाठीवरून हात फिरवत होते. हात थांबला होता. मांजराच्या मिशांना खारीचा चुरा होता आणि आबांच्या मिशीला, आता नीट पाहिल्यावर दिसलं, तिखटाचा लाल कण होता. इतक्या आठवड्यांची सगळी बेरीज माझ्या डोक्यात एकदम झाली. म्हातारा मांजराची कोंबडी खात होता आणि मांजर म्हाताऱ्याची बिस्किटं. दोघांनी मिळून पथ्य अदलाबदल करून टाकलं होतं.

मी सुटलो होतो. नुसतं बोट करायचं होतं. पण मला विहार आठवला, सगळ्यांच्या आधी उभे राहिलेले आबा आठवले. ज्यांच्या मागे चाळीस घरं उभी राहिली त्यांचं नाव सिंधूबाईंच्या तोंडी जाणार. माझं नाव तसंही गेलेलंच होतं, त्यात आणखी थोडं गेलं तर काय बिघडणार होतं?

"मी खाल्लं," मी म्हणालो. "एकदाच. म्हणजे, दोनदा."

 राजश्री 'बरं' म्हणाली, फोड कट्ट्यावर ठेवली आणि भाकरी थापायला बसली. तिच्या त्या 'बरं'ने मला जेवण गेलं नाही. आबाही जेवले नाहीत.

दोन दिवसांनी भाद्रपद पौर्णिमा होती, विहार भरला होता. आबांनी नेहमीप्रमाणे समोर बसून पंचशील म्हणवून घ्यायला सुरुवात केली. एकेक शील ते म्हणायचे आणि मागून सगळे. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शिलाला, ते आले आणि त्यांचा आवाजच फुटेना. लोक वाट पाहत थांबले. कोणाला वाटलं घसा बसला, एकाने पाण्याचा तांब्या पुढे केला. आबांनी तो हाताने बाजूला सारला.

"ह्ये शील माझ्या तोंडातनं निघंना," ते म्हणाले. "नवनाथनं कायबी खाल्लेलं न्हाई. म्या खाल्लं. पयल्या दिवशी मांजर त्या ताटलीला तोंड लावंना, उपाशी वरडत बसलं, म्हून म्या त्याला माझं बिस्कूट दिलं. आन् अन्न टाकू नये म्हून ती कोंबडी म्या खाल्ली. बिनमिठाची व्हती, पर ग्वाड लागली. नवनाथची आय गेल्यापासनं कुणासंगं बसून जेवलो नव्हतो. मग रोजच बसाय लागलो. ह्यानं माझ्यापायी खोटं सांगितलं. त्यो खोटेपना बी माझाच."

 मला आबांचा इतका अभिमान आणि इतकी लाज एकाच वेळी वाटली की मी जमिनीकडे पाहत राहिलो. माझ्या घरात एक माणूस दोन वर्षं एकटा जेवत होता आणि मी मांजराच्या काळजावरच्या चरबीची काळजी करत हिंडत होतो.

राजश्री आपल्या जागेवरून उठली आणि आबांजवळ जाऊन बसली. "आबा, मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्ही नुसतंच खात होता, म्हणून गच्चीवर लिंबं आणि तिखट मीच ठेवत होते."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. ह्यांना लिंबू चालत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. आबांची शुगर उतरताना तिने पाहिली आणि तोंड मिटून बसली. पण लोक माझं नाव घेत होते. मला विचारलं तर मी कोणाचं नाव घेतो, ते तिला बघायचं होतं.

सिंधूबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच कारभार हातात घेतला. आजाऱ्यानं औषध म्हून घेतलं तर संकल्प मोडत न्हाई, असं त्यांनी जाहीर केलं आणि कोणाचं काही म्हणणं आहे का असं इतक्या जरबेने विचारलं की कोणाचंच नव्हतं. माझ्याकडे वळून त्या 'चुकलं हां लेका' म्हणाल्या. मग आबांनी चौथं शील म्हटलं, पाचवं म्हटलं, आणि मागून सगळा विहार म्हणाला.

आता आमच्या गच्चीवर दोन ताटल्या असतात. आबा आणि सुपरवायझर समोरासमोर बसतात आणि एकमेकांच्या ताटलीवर लक्ष ठेवतात. उशाखालचा डबा आबांनी स्वतः आणून दिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं बिस्किटात चिकन थोडं थोडं मिसळत गेलो आणि सुपरवायझर त्यावर आली. आबा चिरून देतात म्हणून खाते, मी दिलं तर वास घेऊन निघून जाते. परवा ती जिना एका दमात चढली आणि वर पोचून माझ्याकडे नापसंतीने पाहिलं. मला इतकं बरं वाटलं की मी तिला दोनदा चढायला लावलं.

आता चोरी उरली नव्हती. त्यामुळे काल मी म्हाळूच्या दुकानी ताठ मानेने गेलो. पिशवी पुढे धरली, चारचौघांत मोठ्या आवाजात सांगितलं की आजपासून अर्धा किलो, पाव मांजराचं आणि पाव माझ्या वडिलांचं, त्यांना शुगर आहे, डॉक्टरांनी सांगितलंय.

म्हाळूने सत्तूर खाली ठेवला. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल नाराजी दिसली.

"मांजराचं बरं व्हतं, साहेब," तो म्हणाला. "म्हाताऱ्या बापाचं नाव कशाला मधी आणता?"

आणि त्याने पिशवीत कोथिंबीर टाकली.